पाण्याच्या हिशेबाने मुक्काम : ऑरेगनचं उंचावरचं वाळवंट

अमेरिकेच्या ऑरेगन राज्याचं नाव काढलं की पाऊस, दाट जंगलं आणि पॅसिफिकचा खडकाळ किनारा आठवतो. ते सगळं राज्याच्या पश्चिम पट्ट्यात. समुद्रावरून आलेले ढग कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावरच रिते होतात. रांग ओलांडून पूर्वेला उतरलं की साधारण चार हजार फुटांवरचं कोरडं पठार सुरू होतं. राखट-हिरव्या सेजब्रशची गुडघाभर झुडपं, मधूनच एखादा वेडावाकडा जुनिपर, काळ्या बसाल्टचे कडे, आणि पाऊस संपताच मिठागरासारखी पांढरी पडणारी तळी. इथले लोक या मुलखाला ‘हाय डेझर्ट’ म्हणतात. तंबू घेऊन फिरणाऱ्याला अमेरिकेत यापेक्षा मोकळी जागा शोधून सापडणं कठीण.

मोकळी म्हणजे किती, याचा अंदाज याच मुलखातल्या हार्नी काउंटीवरून येईल. क्षेत्रफळ साडेसव्वीस हजार चौरस किलोमीटरच्या घरात, म्हणजे आपल्या राज्यातल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट. आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जेमतेम साडेसात हजार. त्यातही निम्म्याहून अधिक माणसं बर्न्स आणि हाइन्स या शेजारी शेजारी वसलेल्या दोन गावांत. बाकी सगळी जमीन, वारा आणि गुरं.

काउंटीतली सुमारे तीन-चतुर्थांश जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे आणि तिचा मोठा हिस्सा ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या खात्याकडे आहे. सगळे त्याला बीएलएम म्हणतात. देशभर या खात्याकडे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. एकोणिसाव्या शतकात शेती करणाऱ्यांना जमिनी वाटल्या गेल्या, तेव्हा पाण्याकाठच्या तुकड्यांना आधी मालक मिळाले. ज्या जमिनीवर पाणी नाही म्हणून कोणी दावा सांगितला नाही, ती मुख्यतः सरकारकडे उरली. १९७६ च्या कायद्याने ही जमीन विकून न टाकता सार्वजनिक म्हणूनच सांभाळायची, असं धोरण ठरलं. गुरं चारणं, खाणकाम, शिकार, भटकंती या सगळ्यांना तिथे जागा आहे. आज आपण तिथे एक पैसा न देता तंबू ठोकू शकतो, त्यामागे हा इतिहास आहे.

नियम सोपा आहे. मनाई केलेली नाही अशा बीएलएमच्या कुठल्याही जमिनीवर, २८ दिवसांच्या काळात १४ दिवसांपर्यंत मुक्काम करता येतो. नंतर तिथून लांब हलावं लागतं. नोंदणी नाही, पावती नाही, विचारायला कोणी येत नाही. याला ‘डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ म्हणतात. पूर्वी कोणी गाडी लावली असेल, दगडांचं चुलाण दिसत असेल अशीच जागा निवडायची, नवी झुडपं चिरडायची नाहीत, आणि झरा किंवा ओढ्यापासून किमान दोनशे फूट दूर राहायचं. हे शेवटचं पथ्य शिष्टाचाराच्या पलीकडचं आहे. या मुलखात मैलोगणती एकच पाणवठा असतो. आपण त्याच्या काठावर पथारी पसरली तर रात्री पाण्यावर येणारी प्राँगहॉर्न हरणं तहानलेली परत जातात.

फुकट जागा आणि पैसे घेणारी जागा यांतला फरक सोयींचा असतो, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. या वाळवंटात तो फरक पाण्याचा आहे, असं माझं मत आहे. बीएलएमच्या पैसे घेणाऱ्या छावण्यांतही आंघोळीची सोय नसते, वीज नसते, शौचालय खड्ड्याचं असतं. तिथे मिळतं ते मेज-बाक, चुलीची लोखंडी कड आणि बहुतेक ठिकाणी पिण्याच्या पाण्याचा नळ. त्या नळासाठीच ते पैसे द्यायचे. म्हणून इथला प्रवास आखताना आधी नळ कुठे आहेत ते नकाशावर खुणावून घ्यावं आणि दोन नळांच्या मधल्या रात्री फुकट जागांवर काढाव्यात. माणशी दिवसाला चार लिटर पाणी पिण्या-रांधण्यासाठी, आणि गाडी बिघडलीच तर म्हणून वर दोन दिवसांचं. एवढं पाणी गाडीत असेल तर हा सगळा मुलूख आपला.

या हिशेबाने पाहिलं तर पेज स्प्रिंग्स हा पहिला मुक्काम. बर्न्सहून दक्षिणेला साधारण शंभर किलोमीटरवर फ्रेंचग्लेन नावाची चिमुकली वस्ती आहे. १९२४ मध्ये बांधलेलं एक लाकडी हॉटेल, एक दुकान, मोजकी घरं. तिथून पाच-सहा किलोमीटरवर डोनर उंड ब्लिट्झेन नदीकाठी ही छावणी आहे. एका बाजूला बसाल्टचा कडा, दुसऱ्या बाजूला वाहतं पाणी, आणि या भागात दुर्मीळ असलेली सावली. वर्षभर खुली असते. जागा आगाऊ राखून ठेवता येत नाही. जो आधी येईल त्याची. दाराशी लिफाफे ठेवलेले असतात, त्यात पैसे घालून लोखंडी पेटीत टाकायचे. शुक्रवारी संध्याकाळी उशिरा पोचण्यापेक्षा गुरुवारी दुपारी पोचावं.

पेज स्प्रिंग्सला लागूनच मॅल्हीअर राष्ट्रीय अभयारण्य आहे. टोप्यांवर पिसं खोवायच्या फॅशनपायी इथल्या बगळ्यांची कत्तल झाली होती. ती पाहून १९०८ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी हे पाणथळ क्षेत्र पक्ष्यांसाठी राखून ठेवलं. वसंतात उत्तरेकडे जाणारे हंस, क्रौंच आणि बदकांचे थवे इथे उतरतात. एप्रिलमध्ये बर्न्सला पक्षीप्रेमींचा मेळाच भरतो. जूनमध्ये मात्र याच पाण्यावर डासांचे ढग उठतात, आणि ज्यांना डास सहन होत नाहीत त्यांनी त्या महिन्यात इथे तंबू लावू नये हे बरं.

पेज स्प्रिंग्सहून रस्ता स्टीन्स पर्वतावर चढतो. पर्वत म्हटल्यावर आपण शिखर शोधतो. स्टीन्स तसा नाही. जमिनीचा एक प्रचंड तुकडा पूर्वेकडून उचलला गेला आणि पश्चिमेकडे कलंडला. त्यामुळे पश्चिमेकडून चढताना चढ जाणवतसुद्धा नाही, आणि माथ्यावर पोचल्यावर पूर्वेला एकदम कडा तुटलेला दिसतो. माथा ९,७३३ फुटांवर, आणि खाली दीड किलोमीटरहून जास्त खोल अल्व्हर्डचं पांढरं मैदान. सुमारे दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा बसाल्ट तयार झाला. कायगर दरीच्या काठावर उभं राहिलं की ते थर पायरीपायरीने मोजता येतात. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला ही मांडणी नवी नाही. दख्खनचं पठारही असंच, फक्त त्याहून कितीतरी जुनं. वेगळी आहे ती दरीची रुंद, इंग्रजी ‘यू’सारखी घळ. ती हिमनदीने कोरलेली आहे.

या चढावर फिश लेक आणि जॅकमन पार्क या दोन छावण्या साडेसात हजार फुटांच्या आगेमागे आहेत, आणि दक्षिण बाजूला साउथ स्टीन्स. तिन्ही ठिकाणी थोडे पैसे पडतात, हंगामात पिण्याचं पाणी असतं. ऑगस्टमध्ये खाली पारा चढलेला असताना फिश लेकच्या काठी अ‍ॅस्पेनच्या सावलीत बसता येतं. ट्राउट मासे गळाला लागतात. सप्टेंबरअखेर हेच अ‍ॅस्पेन पिवळेधमक होतात. या परिसरातल्या पैसे घेणाऱ्या सगळ्या छावण्यांत मी फिश लेकला पहिला क्रमांक देईन. अट एकच: वरचा रस्ता बर्फामुळे फाटक लावून बंद केलेला असतो आणि सहसा उन्हाळा चांगला सुरू झाल्यावरच उघडतो. मे महिन्यात उत्साहाने आलेली कुटुंबं फाटकावरून परत फिरतात. साउथ स्टीन्सजवळ मोकाट घोड्यांचे कळप दिसतात. दुर्बीण असेल तर संध्याकाळ तिथे काढावी.

आता पर्वताची दुसरी बाजू. फ्रेंचग्लेनहून दक्षिणेला फील्ड्स गाठायचं. तिथे एक पंप, एक दुकान आणि त्याच छपराखाली एक खाणावळ आहे. तिथले मिल्कशेक पंचक्रोशीत नावाजलेले. पंचक्रोशी म्हणजे इथे शंभर मैल. टाकी आणि पाण्याचे कॅन इथेच भरून घ्यावेत. मग खडीचा रस्ता स्टीन्सच्या पायथ्याने उत्तरेला जातो आणि उजव्या हाताला अल्व्हर्डचं मैदान उघडतं.

साधारण वीस किलोमीटर लांब, अकरा किलोमीटर रुंद, भेगाळलेल्या चिकणमातीची एकसंध पाटी. झाड नाही, दगड नाही, गवताची काडी नाही. वर्षाला पाऊस सातेक इंच. १९७६ च्या डिसेंबरमध्ये किटी ओनील यांनी याच मैदानावर तीनचाकी अग्निबाण-गाडी ताशी ८२५ किलोमीटर वेगाने पळवून स्त्रियांचा जागतिक विक्रम केला. बालपणापासून त्यांना ऐकू येत नव्हतं. तो विक्रम मोडायच्या प्रयत्नात २०१९ मध्ये जेसी कॉम्ब्स यांचा इथेच अपघाती मृत्यू झाला. त्यांनी गाठलेला वेग नंतर विक्रम म्हणून नोंदला गेला.

या मैदानावर कुठेही, फुकट, गाडी उभी करून झोपता येतं. जागा निवडायला खूणच नसल्याने मन थोडं गोंधळतं. थोडं आत जाऊन थांबावं, एवढंच. मात्र इथली फुकट रात्र सर्वांत जास्त तयारी मागते. मैदान ओलं असेल तर चाक घालूच नये. वरून सुकलेला पापुद्रा खालचा चिखल झाकतो, गाडी आसापर्यंत रुतते, आणि ती ओढून काढणारं वाहन येण्यास दिवस आणि शेकडो डॉलर लागतात. शिवाय चाकांचे चर वर्षानुवर्षं राहतात. वारा उठला की तंबूच्या साध्या मेखा या मातीत टिकत नाहीत. लांब, जाड मेखा किंवा गाडीचाच आधार हवा. शेकोटी थेट जमिनीवर पेटवायची नाही, लोखंडी परातीत पेटवायची, राख सोबत न्यायची. शौचालय नाही, आणि कडक मातीत खड्डाही धड होत नाही. त्यासाठी मिळणाऱ्या खास पिशव्या वापरून मैला परत नेणं हाच सभ्य मार्ग. हे लिहिताना संकोच वाटायचं कारण नाही. फुकट जागा बंद पडतात त्या बहुधा याच कारणाने.

ज्यांना एवढी तयारी जमणार नाही त्यांच्यासाठी मैदानाच्या काठावर अल्व्हर्ड हॉट स्प्रिंग्स आहे. ती खासगी मालकीची जागा. पैसे भरले की गरम पाण्याची कुंडं आणि मुक्कामाची सोय. उत्तरेला मॅन लेकजवळ बीएलएमची फुकट जागा आहे: शौचालय आहे, सावली आणि पिण्याचं पाणी नाही.

तरी फुकट छावण्यांतली सर्वांत चांगली कुठली असं कोणी विचारलं तर मी हार्ट माउंटनचं नाव घेईन. प्राँगहॉर्नच्या संरक्षणासाठी १९३६ मध्ये राखलेलं हे अभयारण्य. फ्रेंचग्लेनहून पश्चिमेला खडीच्या रस्त्याने दोन-अडीच तास लागतात. दुसरी वाट प्लश गावाकडून, वॉर्नर खोऱ्यातून थेट कड्यावर चढणारी. माथ्यामागच्या एका सपाटीवर, विलो आणि अ‍ॅस्पेनच्या मधोमध, हॉट स्प्रिंग्स कॅम्पग्राउंड आहे. शौचालयं आहेत, ओढा आहे, आणि दगडी भिंतीआड एक गरम पाण्याचं कुंड आहे. पैसे नाहीत. पिण्याचं पाणी नाही. ओढ्याचं उकळून किंवा गाळून घ्यायचं. रात्री सहा हजार फुटांवरच्या थंडीत त्या कुंडात बसून वर पाहिलं की आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत दिसते, कारण मैलोगणती एक दिवा नाही. मार्च २०२४ मध्ये हार्ट माउंटनसह लेक काउंटीतल्या पंचवीस लाख एकर प्रदेशाला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय सँक्चुअरी’चा दर्जा मिळाला, आणि त्या वेळी असं ते जगातलं सर्वांत मोठं क्षेत्र ठरलं.

ऑरेगनच्या आग्नेय कोपऱ्यातलं ओवायही खोरं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. लेस्ली गल्चमध्ये ज्वालामुखीच्या राखेचे मधाच्या रंगाचे सुळके आहेत. तिथे फक्त स्लोकम क्रीकच्या फुकट छावणीतच राहता येतं, बाकी गल्चमध्ये मनाई. नळ, गरम पाणी आणि विजेची जोडणी हवी असेल तर लेक ओवायही राज्य उद्यान. एवढं लक्षात ठेवावं की हे खोरं ज्या मॅल्हीअर काउंटीत येतं तिच्या बहुतेक भागात घड्याळ एक तासाने पुढे असतं.

पश्चिमेला, बेंड शहराच्या आसपास, चित्र अगदी निराळं आहे. टुमालो, ला पाइन, प्राइनव्हिल रेझर्व्हायर ही राज्य उद्यानं सर्व सोयींनी सज्ज आहेत. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा महिनोन्‌महिने आधी भरतात. फुकट जागांवर तर गर्दीच झाली होती. बेंडच्या दक्षिणेकडच्या वनात घर परवडत नसलेली माणसं वर्षानुवर्षं तंबूत आणि जुन्या गाड्यांत राहत होती. मे २०२५ मध्ये वनखात्याने वणव्याचा धोका कमी करण्याच्या कामासाठी हजारो एकरांचा तो भाग बंद केला आणि त्यांना तिथून निघावं लागलं. आपण हौसेने ज्याला फुकट मुक्काम म्हणतो तो कोणाचा तरी शेवटचा निवारा असतो, हे बेंडला जाणाऱ्याने डोळ्यांआड करू नये.

आणि त्याही आधी ही जमीन उत्तरी पायूट लोकांची होती. याच वाळवंटातल्या फोर्ट रॉकच्या गुहेत १९३८ मध्ये ल्यूथर क्रेसमन या संशोधकाला सेजब्रशच्या सालीपासून विणलेल्या चपला सापडल्या. त्या नऊ हजार वर्षांहून जुन्या आहेत. पायूट लोकांसाठी १८७२ मध्ये राखून दिलेला मॅल्हीअरचा प्रदेश १८७८ च्या बॅनक युद्धानंतर काढून घेण्यात आला आणि जानेवारीच्या हिमात त्यांना उत्तरेला याकामा राखीव प्रदेशापर्यंत चालवत नेलं. त्यांतले काही परतले. बर्न्स पायूट जमातीला १९६८ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. त्यांचं गाव आजही बर्न्सच्या शिवेवर आहे.

या जमिनीचं सार्वजनिक असणंही कायमचं गृहीत धरता येत नाही. २०२५ च्या जूनमध्ये पश्चिमेकडच्या राज्यांतली लाखो एकर सरकारी जमीन विकायचा प्रस्ताव सेनेटमध्ये आला होता. शिकारी, पशुपालक, गिर्यारोहक असे एरवी एकमेकांशी न पटणारे सगळे विरोधात उभे राहिले आणि तो मागे घ्यावा लागला. मला यात मोठा दिलासा वाटतो.

पोर्टलंडजवळ हिल्सबरो-बीव्हर्टन भागात चिपनिर्मितीच्या उद्योगामुळे स्थिरावलेली अनेक मराठी कुटुंबं आहेत. भारतातून आई-वडील आले की त्यांना किनारा, धबधबे आणि क्रेटर लेक दाखवून आणलं जातं. पूर्वेकडे गाडी क्वचितच वळते. वळवावी. पोर्टलंड ते बर्न्स साधारण पावणेपाचशे किलोमीटर, एका दिवसाचा प्रवास. ज्येष्ठ सोबत असतील तर पेज स्प्रिंग्सला तळ ठोकावा आणि तिथून दिवसाची फेरी मारून परतावं. शौचालय जवळ असतं आणि उंचीचा त्रास नाही. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड असेल आणि वय ६२ पुरं असेल तर केंद्रीय उद्यानांचा ज्येष्ठ नागरिक पास काढून घ्यावा. बीएलएमच्या बहुतेक छावण्यांत निम्मे पैसे लागतात. जुलैतही रात्री पारा शून्याजवळ उतरू शकतो, तेव्हा पांघरुणं भरपूर हवीत.

काळ म्हणाल तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर. डास गेलेले असतात, वरचे रस्ते उघडे असतात. वणव्याचं मात्र सांगता येत नाही. २०१२ मध्ये लाँग ड्रॉच्या वणव्यात याच भागातली साडेपाच लाखांहून अधिक एकर जमीन जळाली, आणि तो कोरड्या विजेने लागला होता. उन्हाळ्यात शेकोटीवर पूर्ण बंदी असणं नेहमीचंच. स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर करायचा, आणि वाळलेल्या गवतावर गाडी उभी करायची नाही, कारण तापलेल्या सायलेन्सरनेही ठिणगी पडते.

मोबाइलला रेंज मिळेल हे गृहीत धरू नका. बर्न्स सोडल्यावर ती बहुतेक ठिकाणी जाते. हाइन्समध्ये महामार्गालगतच बीएलएमचं जिल्हा कार्यालय आहे. तिथून कागदी नकाशा घ्या. त्यावर पिवळा रंग बीएलएमचा, हिरवा वनखात्याचा, पांढरा खासगी. पिवळ्यात राहिलात तर बहुतेक ठिकाणी मुक्कामाला अडचण येत नाही. कुठले नळ चालू आहेत, स्टीन्सचं फाटक उघडलं का, अल्व्हर्ड सुकलं का, शेकोटीला परवानगी आहे का, हे चार प्रश्न खिडकीशी विचारा. मग बर्न्समध्ये पेट्रोलची टाकी आणि पाण्याचे कॅन काठोकाठ भरून घ्या, आणि दक्षिणेला निघा.